मासा गाठ बांधणाऱ्याचा

गिरगावातल्या आमच्या ऑफिसात रोज दुपारी दीड वाजता एक माणूस खिडकीच्या गजाला लटकायचा.

लटकायचा म्हणजे अगदी लटकायचाच. गजाला दोरी बांधायची, मनगटावर फडकं घेऊन दुसरं टोक त्यावर गुंडाळायचं, दोन्ही पाय खिडकीखालच्या भिंतीला लावायचे आणि ऐंशी किलोचं अंग मागे झोकून द्यायचं. वय पन्नाशीच्या पुढचं, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. नवीन क्लायंट दारातच थिजायचा. आमचे सर आर्किटेक्ट, ऑफिस त्यांचंच. ते केबिनमधून मान वर न करता सांगायचे, "या, या, बसा. काही नाही, ते गाठ तपासतायत."

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी ती दोरी तुटली. दादा (ऑफिसातले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन, आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणायचो) मागच्या टेबलावर आडवे झाले, आणि त्या टेबलावर होतं माझगावच्या एका टॉवरचं पुठ्ठ्याचं मॉडेल. दोघाजणांनी आठवडाभर डोळे फोडून केलेलं. बावीस मजले जमीनदोस्त. मी पाणी आणायला धावलो. परत येतो तर हा गृहस्थ पडल्यापडल्या दोरीचं टोक ट्यूबलाइटसमोर धरून बघतोय, आणि चेहऱ्यावर असा आनंद की पेढे वाटायचेच तेवढे बाकी. "तुटली रे तुटली! सुटली नाही! गाठ बघ, जशीच्या तशी!" हे ऑफिस सोडायचं असं मी त्याच दिवशी ठरवलं होतं. त्याला पंधरा वर्षं झाली आणि मी अजून तिथेच आहे.

ही सगळी यातायात एका माशासाठी होती. जायंट ट्रेव्हली. दादा त्याला जीटी म्हणायचे, आणि म्हणताना आवाज असा खाली आणायचे की शेजारच्या टेबलावरचा माणूस कुणी आजारी आहे का म्हणून विचारायचा. उष्ण समुद्रात प्रवाळाच्या कडेकडेने फिरणारा, दांडगा, रुंद छातीचा, चाळीस-पन्नास किलोंपर्यंत सहज वाढणारा मासा. "बैलाचं कपाळ आणि टॅक्सीवाल्याचा स्वभाव," दादा सांगायचे. "मागेपुढे बघत नाय, घुसतोच." पाण्यावर बसलेला पक्षीसुद्धा तो गिळतो म्हणे. अशा माशाला लाकडाच्या खोट्या माशाने फसवायचं, गळाला लावायचं, स्वतःच्या दोन हातांनी बोटीपाशी ओढून आणायचं, आणि मग परत पाण्यात सोडून द्यायचं.

हे शेवटचं वाक्य ऐकलं की लालबाग-परळमधला कोणीही माणूस दादांकडे काळजीने बघायचा.

त्यांची आई तर जाहीरपणे चिडायची. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, तिथे ही मायलेकरं राहायची. दादांनी लग्न केलं नव्हतं. वडील मिलमध्ये होते, ते लवकर गेले. आईही मिलमध्येच, वाइंडिंग खात्यात. घरात मालवणी, आणि मालवणी घरात मासा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. "धरलंस नि सोडलंस?" म्हातारी विचारायची. "मगे गेललस कित्याक?" दादा तीनदा अंदमानला जाऊन आले होते आणि तिन्ही वेळा धरलेलाच नव्हता, त्यामुळे सोडण्याचा प्रश्न आला नव्हता. पण म्हातारीला तत्त्वच मान्य नव्हतं. शेजारणींना ती खरं कारण कधी सांगायची नाही. मुलगा मासा सोडायला एवढ्या लांब जातो हे सांगायची तिला लाज वाटे. ती सांगायची, तुरुंग बघूक गेलो हा.

त्यामुळे चाळीत दादांची ख्याती कडवा देशभक्त अशी झाली. अंदमानच्या तुरुंगाचं तीन-तीनदा दर्शन घेणारा माणूस! एका गणपतीत मंडळाने त्यांना भाषणालाच उभं केलं. विषय 'अंदमानच्या आठवणी'. दादा उभे राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "भरतीच्या दुसऱ्या तासाला तो येतो." लोकांना वाटलं, जेलर येत असेल. पुढे चाळीस मिनिटं प्रवाळ, लाटा, खोल दरी, अंधारातून वर येणारी सावली, आणि "त्याच्या तावडीतून आजवर आमची दोरी वाचलेली नाही" असं सगळं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी आभार मानताना क्रांतिकारकांच्या धैर्याचा उल्लेख केला. मी पहिल्या रांगेत बसून रुमाल तोंडात कोंबला होता.

त्यांच्या घरात भिंतीवर एक फ्रेम होती. देव, मग हार घातलेले वडील, मग ही फ्रेम. सागवानी, जाड पट्टीची, काच लखलखीत आणि आत काहीच नाही. नुसता पांढरा कागद. दर शनिवारी दादा तिची काच पुसायचे. दसऱ्याला म्हातारी सगळ्या फोटोंना झेंडू लावायची तेव्हा तिलाही एक छोटा हार मिळायचा. मी पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा विचारलं, "हा कोणाचा फोटो?" दादा म्हणाले, "यायचाय अजून."

आता नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांवरच आहे. दादांचे नियम दोन. पहिला, मासा लागल्यावर रॉडला दुसऱ्याचा हात लागता कामा नये. लागला, तर तो मासा मोजायचा नाही. हा नियम जगभर पाळतात म्हणे. दुसरा नियम मात्र खास दादांचा, घरगुती होता. रिळावरची विणलेली दोरी असते बारीक. तिच्या पुढे प्रवाळाला घासून टिकेल असा जाड नायलॉन जोडायचा असतो. ही बारीक दोरी त्या जाड नायलॉनवर एकदा वरून, एकदा खालून अशी वीस वेळा विणत न्यायची, थुंकीने भिजवून आवळायची आणि वर छोट्या गाठी मारून बंद करायची. एक गाठ नीट बांधायला दहा मिनिटं लागतात. सगळं वजन, सगळे हिसके त्या दोन इंचांवर येतात. दादांचं म्हणणं, मासा दांडीने येत नाही की ताकदीने येत नाही, येतो तो गाठीने. म्हणून गाठ ज्याची, मासा त्याचा. दुसऱ्याने बांधलेल्या गाठीवर मासा आला, तर तो त्या दुसऱ्याचा.

"मग बोटवाला बांधून देतो त्यांचं काय?" मी विचारलं होतं.

"ते मासे बोटवाल्याचे. हे लोक उगाच फोटो काढून घेतात."

ही गाठ त्यांनी सगळ्या ऑफिसला शिकवायचा प्रयत्न केला. जेवणाचे डबे बाजूला सारून टेबलावर नायलॉन पसरला जायचा. अकाउंटवाल्या बाईंनी दोन दिवसांत हात टेकले. सरांनी केबिनचं दार आतून लावून घेतलं. उरलो मी. आणि माझी गंमत अशी की मी मासे खात नाही. दादरचं आमचं घर पक्कं शाकाहारी, मासळीबाजारावरून जातानासुद्धा आमच्यात नाकाला रुमाल लावतात. हे कळल्यावर दादांना इतका आनंद झाला की त्यांनी मला मिठी मारली. "बाकी सगळे पहिला प्रश्न विचारतात, चवीला कसा लागतो. तू नाय विचारलास! मला तूच पाहिजे होतास रे, शाकाहारी." तेव्हापासून ऑफिसात माझं नाव शाकाहारी पडलं.

गाठ मला जमली. कशी ते माहीत नाही, पण दोन महिन्यांनी एका दुपारी खिडकीच्या गजाला माझ्या गाठीवर दादा लटकले आणि ती सुटली नाही. त्यांनी ती गाठ कापून रुमालात गुंडाळली. मग म्हणाले, "संध्याकाळी घरी चल. पास-नापास आई ठरवते."

म्हातारीने माझी गाठ घेतली, चष्मा लावला नाही, बोटांनी चाचपली नाही. सरळ खालच्या ओठावर ठेवली आणि हळूहळू ओढली. मी बघतच राहिलो. वाइंडिंग खात्यात तुटलेला धागा जोडायचं काम तिने पंचवीस वर्षं केलं होतं. गाठ जरा जाड राहिली की पुढे साच्यावर, म्हणजे मागावर, अडकायची, धागा परत तुटायचा आणि साचेवाला हिच्या नावाने शिमगा करायचा. मग ती आणि तिच्याबरोबरच्या बायका गाठ ओठावरून फिरवून बघायला शिकल्या. "बोटा राठ जातत," ती म्हणाली, "ओठ नाय." पुन्हा एकदा फिरवली. "लागणा नाय. बरी आसा. ह्यो कोणाचो झील?"

"माझ्या ऑफिसातला. मासे खात नाय."

"मासे खाणा नाय?" म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मगे जगता कशार?"

सरावही आम्ही एकत्र करायचो. सकाळी साडेसहाला परळच्या एका मैदानावर. पॉपर म्हणजे तो लाकडाचा खोटा मासा, दोनशे ग्रॅमचा, पुढून वाटीसारखा कोरलेला. पाण्यात ओढला की 'डुब्बुक' असा आवाज करतो. मैदानावर अर्थातच आवाज करत नाही, धूळ उडवतो. गळ काढून टाकलेला तो पॉपर दादा सगळं अंग वळवून फेकायचे आणि तो बाणासारखा सुटायचा. साठ-सत्तर मीटर! अंगावर काटा यायचा. मग तो परत ओढत आणताना गल्लीतली चार कुत्री त्याच्यामागे. एकदा तो क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या बरोबर मिडविकेटला पडला. बॉल कुठला आणि पॉपर कुठला या गोंधळात फिल्डरने पॉपर उचलून विकेटवर फेकला आणि बॅट्समनला आउट दिलं. दादा तिथे जाऊन पंचाशी वाद घालून आले. बॅट्समनच्या बाजूने.

आमच्या ऑफिसात दादांच्याच चाळीच्या पुनर्विकासाचे नकाशे आले, तेव्हा त्यांनी गच्चीच्या लांबीवरून सरांशी तीन दिवस भांडण केलं. कारण काय ते फक्त मला ठाऊक होतं. गच्ची सत्तर मीटर भरत नव्हती.

मग चहाची बशी बंद झाली. दादा चहा बशीत ओतून प्यायचे, वर्षानुवर्षं. एके दिवशी त्यांनी स्टीलचा पेला आणला आणि म्हणाले, यातच द्या, अर्धाच द्या. माउस दोन्ही हातांनी धरायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "खांदा दुखतो रे, रॉड जड झालाय." मला ते पटलं. किंवा पटवून घ्यायला बरं वाटलं. दुपारचं लटकणंही बंद झालं आणि सर एकदा म्हणाले, "आजकाल दीड वाजल्याचं कळत नाही."

मार्चमध्ये चौथ्यांदा अंदमानला जायचं ठरलं आणि या वेळी मीही बरोबर. निघायच्या आदल्या रविवारी मी घरी गेलो. दादा खाली इस्त्रीचे कपडे आणायला गेले होते. म्हातारीच्या हातात दादांनी बांधलेली गाठ होती. तिने ती ओठावरून फिरवली. पुन्हा फिरवली. मग माझ्या हातात दिली. मीही ओठावर ठेवून बघितली. मध्ये तीन ठिकाणी खरखर लागत होती. विण सैल होती.

"तेचो हात हलता," म्हातारी म्हणाली. "वरीस झाला. डॉक्टर म्हणता हलतलोच. तो कोणाक सांगणा नाय, पण माका दिसता मां." मग तिने माझा हात धरला. "तू बांद. तेका सांगू नको."

"पण आजी, त्यांचा नियम..."

"नियम गेलो चुलीत. माझ्या झिलाक एकदा मासो गावांदे."

माणूस वीस वर्षं ज्या नियमावर उभा आहे तोच त्याच्या पाठीमागे मोडायचा, तेही त्याच्याच आईच्या सांगण्यावरून! जिन्यात दादांच्या चपला वाजल्या आणि म्हातारीने ती गाठ पदराखाली घेतली.

अंदमानात आमच्याकडे तीन दिवस होते. एक छोटी बोट, तिचा कप्तान तिथलाच, सावळा, सडपातळ, बोलेल तर हिंदीत आणि नाहीतर नाहीच. किनारा सोडून दोन तासांवर प्रवाळाची लांब कड आहे. अलीकडे हिरवं, पलीकडे एकदम काळंभोर निळं. त्या रेषेवर पॉपर टाकायचा. मला बोट लागली. पहिला दिवस मी बोटीच्या कडेला वाकून काढला आणि दादा ओरडत होते, "अरे ओक, ओक, मासे जमतील!" मासा काही जमला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मला दिसलंच नाही. फक्त पॉपरच्या जागी पाणी खड्डा पडल्यासारखं खाली गेलं आणि मग कोणी वरून धोंडा टाकावा तसं उसळलं. रीळ किंचाळायला लागलं. दादांचे पाय बोटीच्या कडेला रुतले, "आला, आला, आला!" आणि पाचव्या सेकंदाला दोरी ढिली पडली. दादा मागे आपटले. त्यांनी भराभर दोरी गुंडाळली, टोक हातात आलं, बघितलं आणि लगेच खिशात कोंबलं.

"प्रवाळ," ते म्हणाले. "कापली."

मी ते टोक पाहिलं होतं. प्रवाळाने कापलेली दोरी पिंजारलेली असते, हे त्यांनीच मला शिकवलेलं. गाठ सुटली की टोक कुरळं होऊन येतं. ते टोक कुरळं होतं. तेरा वर्षांत दादा गाठीबद्दल माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि मला त्यांचा राग नाही आला. परतीचे दोन तास ते समुद्राकडे तोंड करून बसले होते. उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले. दादांची आंघोळ म्हणजे सहा बादल्या आणि वर तीन आरत्या. मी दार लावलं, त्यांचा रॉड घेतला, रात्री त्यांनी बांधलेली गाठ कापली आणि बांधायला बसलो. एकदा वरून, एकदा खालून. आतून दुसरी आरती सुरू झाली. मी वेढे मोजत राहिलो. तिसऱ्या आरतीच्या अर्ध्यावर मी आवळली, टोक कापलं, ओठावरून फिरवली. लागली नाही. रॉड होता तसा कोपऱ्यात ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो, चोरासारखा.

बोटीत, पहिला पॉपर टाकण्याआधी, दादांनी गाठ हातात घेतली आणि ओठावर ठेवली. हे ते करणार हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! हळूहळू ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. थांबले. माझ्याकडे बघितलं. मी कप्तानाच्या पायातल्या चपलांकडे बघत होतो. मग मला रीळ उघडल्याचा आवाज आला, आणि पॉपर सुटला.

दुपारी दोनपर्यंत काही नाही. कप्तान म्हणाला, "दादा, आखरी आधा घंटा." भरती चढत होती. दादांचा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, प्रत्येक फेक आधीपेक्षा आखूड. मी मनात म्हातारीच्या सगळ्या देवांना हाका मारत होतो. डुब्बुक. डुब्बुक. डुब्बु...

समुद्र फुटला! खोटं नाही सांगत, त्याचं डोकं मी बघितलं. काळं, आडवं, रुंद, अर्धं अंग पाण्याबाहेर, पॉपर तोंडात आडवा, आणि डोळा थेट आमच्याकडे. मी किंचाळलो. कप्तान किंचाळला, "मारो दादा, मारो!" दादांनी तीन हिसके मारले आणि रॉड कमानीसारखा वाकला. दोरी अशी धावत सुटली की रिळावर बोट ठेवलं असतं तर सोलून निघालं असतं. तो प्रवाळाकडे चालला होता. कप्तानाने इंजिन उलटं टाकलं. "रोको उसको! अंदर गया तो खतम!"

"नाय जाऊ देत!" दादा खाली बसले. रॉडचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात, पाय फळीला, आणि अंग मागे. तोच पवित्रा, जो मी वर्षानुवर्षं दीड वाजता बघितला होता. खिडकीचा गजच तेवढा या वेळी चाळीस किलोंचा होता आणि पळत होता. त्यांचा उजवा हात रिळाच्या मुठीवर थडथडत होता. मूठ दोनदा सुटली. माझा हात आपसूक पुढे गेला.

"हात मागे!" दादा गरजले. "लावशील तर समुद्रात फेकीन!"

मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो आणि ओरडत राहिलो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. कप्तानाने नंतर सांगितलं की मी "गणपती बाप्पा" म्हणत होतो आणि तोच दर वेळी "मोरया" म्हणत होता. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मासा थांबायचा, दादा दोन हात दोरी गुंडाळायचे, तो चार हात घेऊन जायचा. आणि सगळा वेळ माझे डोळे पाण्यात घुसणाऱ्या त्या रेषेवर. तिथे माझे दोन इंच होते. सुटली तर दादांचा मासा माझ्यामुळे गेला, आणि त्यांना ते माहीत होतं.

मग खाली खोल पाण्यात एक चांदीचा तुकडा चमकला. मोठा झाला. आणखी मोठा झाला. गाठ टकटक करत रॉडच्या कड्यांमधून आत आली, रिळावर बसली, आणि दादांनी आभाळाकडे तोंड करून अशी आरोळी ठोकली की लालबागपर्यंत जायला हरकत नव्हती.

"सुटली नाय! शाकाहारी, सुटली नाय!"

कप्तानाने माशाला शेपटीला धरून बोटीत घेतलं, ओल्या फडक्यावर ठेवलं, गळ काढला. "जल्दी, जल्दी, फोटो खींचो, पानी में डालना है." मी खिशातून मोबाइल काढला. दादा माशासमोर गुडघे टेकून बसले होते. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातून मोबाइल काढून कप्तानाला दिला आणि म्हणाले, "बस खाली."

"दादा, नको."

"बस म्हणतो ना. गाठ कोणाची?"

"दादा, आजी म्हणाल्या म्हणून मी... तुमचा आहे हो तो. तुम्ही ओढलात."

"ओढायला बैल पण ओढतो. बस लवकर, जीव जाईल त्याचा."

आणि ज्या माणसाने जन्मात बोंबलाला हात लावला नव्हता त्याच्या मांडीवर चाळीस किलोंचा जीटी ठेवला गेला. गार, जड, आणि आत काहीतरी धडधडणारा. मला रडू फुटलं. दादा माझ्या बाजूला चौकटीबाहेर सरकले आणि मासा घसरू नये म्हणून त्यांनी हात लांब करून शेपूट धरली. कप्तानाने फोटो काढला. मग आम्ही दोघांनी त्याला पाण्यात उतरवलं. दादांनी शेपूट धरून त्याला पुढेमागे हलवलं, त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि एका फटकाऱ्यात आमच्या तोंडावर पाणी उडवून तो निळ्यात नाहीसा झाला.

घरी म्हातारीने दारातच विचारलं, "गावलो?"

"गावलो."

"सोडलंस?"

"मी नाय," दादा म्हणाले. "तेचो होतो. तेणा सोडल्यान." म्हातारीने माझ्याकडे असं बघितलं की मला जिना उतरून पळावंसं वाटलं. मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिने दादांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

दादा आता निवृत्त झालेत. चाळ पाडली, मायलेकरं मालवणकडच्या गावी गेली. फोन करतात, धरायला दोन हात लागतात म्हणतात. जाण्याआधी एका शनिवारी ते आमच्या दादरच्या घरी आले, कागदात गुंडाळलेली ती सागवानी फ्रेम घेऊन. मी नाही नाही म्हणत होतो. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले आणि स्वतः खिळा ठोकायला गेले. खिळा मी ठोकला.

आमच्या शाकाहारी घराच्या भिंतीवर आता तो मासा आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, हा तू? मासा एवढा मोठा? खरा आहे? फोटो फार चांगला आलाय. माझे रडवेले डोळे, त्याचा एकेक खवला, मागचं निळं पाणी, सगळं लख्ख दिसतं. फक्त उजव्या कडेला, शेपटीवर एक हात आहे, तो तेवढा अस्पष्ट आलाय. कॅमेरा हलला असेल, असं पाहुणे म्हणतात. दर शनिवारी मी काच पुसतो, तेव्हा त्या कोपऱ्यापासून सुरुवात करतो.